चढावर नाचणारी चाकं

घराकडे जाणारी जांभ्याची चढण, त्यावर पावसाचं शेवाळ. पहिल्या गिअरात रेस दिली की पुढून धडधडधड, स्टिअरिंगसकट अख्खी गाडी हादरायची. एकाने क्लच प्लेट बदलून बिल लावलं, धडधड तशीच.

मग रत्नागिरीहून पावसला जाताना लागतं त्या पत्र्याच्या शेडमधल्या गॅरेजात गेलो. मेकॅनिकने आधी गाडी घेऊन चढच गाठला. परत येऊन लोअर आर्मच्या (चाक गाडीला जोडणारा खालचा दांडा) सांध्यातल्या रबरी बुशात टॉमी (लोखंडी कांब) घालून दाखवली: रबर पार फाटलेलं. म्हणाला, "काका, चाक घसरतं, मग एकदम पकडतं. मधल्या मधे हे रबर पिळतं नि उसळी मारतं. चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि गाडी ओढायची तीही त्यांनीच!" दोन्ही बुश आणि इंजिनाचं एक माउंटिंग बदललं. शॉकॲब्सॉर्बर ठीक होते, त्यांना हातही लावला नाही. हे फार आवडलं. चाक नाचायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला पोचवणारा दांडा) जॉइंट जाईल, हेही बजावलं.

४ वाजता मिळणार होती ती गाडी साडेसातला हातात आली, बसायला एक जुना टायर. असो. त्यानंतर दोनदा भर पावसात चढलो. चाक थोडं घसरतं, शेवाळच ते, पण नाचत नाही.