‘लाईफटाईम विंडोज’वाला सेकंडहँड लॅपटॉप घेऊन राहिले असाल तर आधी हे वाचा

आपल्या इकडचे ऑनलाईन फॉर्मवाले, झेरॉक्सवाले आणि पोट्ट्यायच्या कॉलेजसाठी स्वस्तात लॅपटॉप शोधणारे मायबाप, यांच्यासाठी लिहून राहिलो. लांबलं तरी पूर्ण वाचा, पैसे वाचतील.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, सातबारा, पीक विमा, फार्मर आयडी, परीक्षेचे फॉर्म असली कामं. गेल्या खरिपात, म्हणजे जुलै 2025 मध्ये, विम्याच्या ऐन गर्दीत जुना कॉम्प्युटर बसला आणि नागपूरच्या एका दुकानातून रिफर्बिश्ड लॅपटॉप आणला. दुकानाचं नाव घेत नाही, एक तर तक्रार चालू आहे आणि दुसरं म्हणजे असा धंदा करणारं ते एकटंच दुकान नाही.

दुकानदार बोलायला लय गोड. म्हणे, “भाऊ, विंडोज 10 ऑक्टोबरमध्ये बंद होऊन राहिलं, आता 11वालाच घ्या, नाहीतर सहा महिन्यात पुन्हा माझ्याकडेच याल.” आता यात खोटं काही नव्हतं, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार हे विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीनेच जाहीर केलं होतं, आणि फसवणारा माणूस सुरुवात नेहमी खऱ्या गोष्टीपासूनच करते. लॅपटॉपवर आय-फाईव्ह, एट्थ जनरेशनचं, म्हणजे इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरचं, चकचकीत स्टिकर. त्याने सेटिंग उघडून हिरवी टिकमार्क दाखवली, “पाहा, ॲक्टिव्हेटेड, ओरिजनल, लाईफटाईम,” म्हणजे विंडोजचं लायसन्स चालू आहे असं. हिशोब असा झाला: लॅपटॉप 18,500, ओरिजनल विंडोज आणि ऑफिस 2,500, आणि वरून ‘मराठी किट’ 1,500. एकूण 22,500. पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी लागेल, अजून तीन-चार हजार वाढतील. मग एका एस्टिमेटच्या चिठ्ठीवर ‘लॅपटॉप रिफर्बिश्ड, 1 नग’ असं लिहून शिक्का मारून दिला. मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही.

सहा महिने चालला, खोटं कायले बोलू. जानेवारीत एक दिवस दुकानात पाच-सहा लोकं बसलेली, आणि स्क्रीन एकदम काळी, कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’. फोन केला तर म्हणे “लॅपटॉप घेऊन या, हजार रुपयात मारून देतो.” मारून देतो हा शब्द ऐकूनच डोक्यात शंका आली, कारण ओरिजनल गोष्ट कोणी मारून देत नाही.

संक्रांतीला भाचा आला होता, डिप्लोमाला आहे. त्याने कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत एक कमांड टाकली, एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, एक्सपीआर. खऱ्या विंडोजमध्ये ‘कायमचं ॲक्टिव्हेट आहे’ असं उत्तर येते. माझ्यात मुदत संपल्याचा निरोप आला. झालं काय तर, मोठ्या कंपन्या शेकडो कॉम्प्युटर एकदम चालू करतात त्यासाठी एक पद्धत आहे, केएमएस म्हणतात, तिच्यात ॲक्टिव्हेशन 180 दिवसांचं असते आणि कंपनीच्या सर्व्हरला भेटून ते पुढे वाढत राहते. हे चोरटे लोकं खोटा सर्व्हर लावून देतात. तो चालतो तोवर लाईफटाईम, बंद पडला की 180 दिवसांची मोजणी सुरू. आणि मजा पाहा, त्या हिरव्या टिकमार्कच्या बाजूलाच बारीक अक्षरात लिहिलेलं असते की तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने हे विंडोज चालू केलं आहे. माझी संस्था म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर आणि इन्व्हर्टर! दुकानदाराने ती ओळ हाताच्या पंजाखाली ठेवूनच स्क्रीन दाखवली होती, हे मला आता चांगलं आठवते.

मग भाच्याने सिस्टमची माहिती उघडली. म्हणे, “मामा, हे एट्थ जनरेशन नाही हो, सिक्स्थ आहे.” प्रोसेसरच्या नावात आय-फाईव्हच्या पुढे 6300 लिहिलं होतं, पहिला आकडा म्हणजे जनरेशन, 8 पाहिजे होता. त्याने नखाने स्टिकरचा कोपरा उचलला तर खाली दुसरं स्टिकर, फिकट, घासलेलं, त्याच्यावर सिक्स्थ जनरेशन स्वच्छ दिसून राहिलं. वरच्याचा गोंद अजून ओला असल्यासारखा बोटाला चिकटला.

याच्याने फरक काय पडते? विंडोज 11 अधिकृतपणे चालायला इंटेलचा आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते. माझ्यात टीपीएम 1.2. म्हणजे ही तपासणी चुकवून विंडोज 11 बसवलेलं. ते चालते, पण नवीन व्हर्जन आपोआप येत नाही. माझं 23एच2 वर अडकलेलं, आणि त्या व्हर्जनचे घरगुती आणि प्रो एडिशनसाठीचे सिक्युरिटी अपडेट 11 नोव्हेंबर 2025 लाच बंद झाले. म्हणजे दोन महिने मी लोकांचे आधार आणि पासबुक बिनाकुलुपाच्या मशीनवर उघडून राहिलो होतो.

आता खरी घाण. हे चोरटं ॲक्टिव्हेशन चालावं म्हणून अँटीव्हायरसला सांगावं लागते की इकडे पाहू नको. भाच्याने डिफेंडर, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसमधली एक्सक्लूजनची, म्हणजे न तपासायच्या जागांची, यादी उघडली तर त्यात अख्खी सी ड्राईव्ह टाकलेली! म्हणजे चौकीदार आहे, पगार घेते, पण त्याला घरात यायचीच मनाई. वरून लांबून ताबा घ्यायचं एक ॲप, पासवर्ड आधीच सेट केलेला, मशीन चालू झालं की तेही आपोआप चालू. दुकानदार म्हणते सर्व्हिससाठी ठेवलं होतं. असेल बाबा. पण माझ्या डाऊनलोड फोल्डरमध्ये अर्ध्या गावाचे आधार, सातबारा, पेऱ्याचे घोषणापत्र, बायायच्या बँकेचे पासबुक, ते पाहायचा हक्क याला कोणी दिला? 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा आला म्हणतात, लोकांच्या कागदाची जबाबदारी उद्या माझ्याच गळ्यात येईल, त्या नागपूरवाल्याच्या नाही.

मराठी किटचं तर हसू येते. 1,500 रुपयात काय दिलं? कृतीदेव फॉन्ट आणि एक कीबोर्डचा चार्ट. कृतीदेव युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखं दिसणारं टायपिंग, नाही, त्याच्यात टाईप केलेलं पोर्टलवर पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा होते, हे फॉर्मवाल्या कोणालाही माहीत आहे. आणि विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून फुकट आहे, 2019 च्या अपडेटपासून फोनेटिकही आहे, सेटिंगमध्ये जाऊन भाषा जोडली की झालं. ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस फुकट मिळते, मी आता तेच वापरून राहिलो, अर्ज आणि बायोडाटा त्याच्यात मस्त होतात.

सगळ्यात जास्त राग मात्र पुढच्या गोष्टीचा आहे. आपल्याकडे येणारे हे लॅपटॉप बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले असतात. विंडोज 8 च्या काळापासून लॅपटॉप बनवणारी कंपनी विंडोजची लायसन्स की बोर्डातच टाकून देते. भाच्याने सगळं पुसून मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून विंडोज 10 प्रो टाकलं, नेट जोडलं, आणि ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं. कमांड दिली तर ‘कायमचं’. म्हणजे ओरिजनल विंडोज मशीनच्या पोटात होतंच, दुकानदाराने ते काढून चोरीचं टाकलं आणि वरून 2,500 घेतले!

विंडोज 10 वर सिक्युरिटी अपडेट वाढवून घ्यायची सोय मायक्रोसॉफ्टने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत ठेवली आहे, ती घेतली. पुढे विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टम टाकायचं डोक्यात आहे पण माझ्या अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोज आणि अँड्रॉइडवरच चालते, तिथे गाडी अडते. माझं तर मत आहे की चांगले चालणारे लॅपटॉप एका चिपसाठी भंगारात काढायचा नियमच या धंद्याला खतपाणी घालून राहिला. मशीन धडधाकट आहे, बाजारात ढिगाने आहे, आणि गिऱ्हाईकाला 11 च पाहिजे, मग स्टिकर बदलणारे निघणारच.

दुकानदाराकडे गेलो तर पहिले म्हणे “बिलावर जनरेशन लिहिलं आहे का?” मग म्हणे “तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक नाही.” हे दुसरं वाक्य लोकं ऐकून गप बसतात म्हणून सांगतो, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की स्वतःचं पोट भरायला स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ग्राहकच. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे यवतमाळला, नागपूरच्या चकरा नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, आणि मुदत दोन वर्षं. आधी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, मराठीत बोलता येते. त्या फोननंतर सॉफ्टवेअर आणि किटचे 4,000 फोनपेवर आले, मुकाट्याने. लॅपटॉपच्या जनरेशनचे पैसे द्यायला तो तयार नाही, त्याच्यासाठी आयोगात अर्ज टाकला आहे. दोन्ही स्टिकरचा फोटो, चिठ्ठी, आणि त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली ‘एट्थ जेन, फुल ओरिजनल’वाली जाहिरात, हे सगळं जोडलं. ती जाहिरात त्याने नंतर स्वतःकडून डिलीट केली, पण माझ्याकडे स्क्रीनशॉट होता.

बाजूच्या गावातल्या एका गुरुजींनी त्याच दुकानातून, तसाच लॅपटॉप, मुलीसाठी घेतला आहे, अजून 180 दिवस झाले नाहीत. त्यांना म्हटलं बाजाराच्या दिवशी घेऊन या, स्टिकर काढून पाहू. अजून कोणाकडे असेल तर तुम्हीही या, पैसे नाही घेत, फक्त चार्जर आणा.