तीन ‘सकर’, चौदा महिने: आधी पाठीवरच्या काड्या मोजा

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या तीन फुटी टँकसाठी तीन सकर, म्हणजे तोंडानं काचेला चिकटून शेवाळ खरवडणारे मासे, आणले. दुकानात एकाच पेटीत होते, तिघेही दोन-अडीच इंचांचे, काळपट, एकाच भावाचे. दुकानदार म्हणाला, ‘दादा, सगळे सकरच. काच साफ ठेवतात आणि टँक बघून वाढतात.’ आज त्यातले दोघे दहा इंचांच्या पुढे गेलेत, तिसरा चार इंचांवर थांबलाय. टँक बघून मासा वाढतो हे साफ चूक आहे. जातच वेगळी होती, एवढंच.

दिवाळीपर्यंत मला फरक कळला नव्हता. मग एका रात्री काकडीची चकती टाकून टॉर्च घेऊन बसलो. एरवी हे मासे पाठीवरचा पर मिटूनच असतात, पण काकडीवरून जुंपली की ताठ उभा करतात. तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढला आणि मोठा करून काड्या मोजल्या. पुढची जाड, टणक काडी सोडायची, मागच्या मऊ काड्या मोजायच्या. मोठ्या दोघांच्या बारा-बारा भरल्या, धाकट्याच्या सातच. दहा किंवा जास्त असतील तर तो टेरिगोप्लिक्थिस, शिडासारखा पर असलेला. तो दीड फुटापर्यंत जातो. बाजारात ‘कॉमन सकर’ म्हणून बहुतेक वेळा हाच मिळतो. मासा मोठा झाला तरी काड्यांची संख्या बदलत नाही, म्हणून दोन इंचांच्या पिल्लावरही ही खूण चालते. रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. घाबरला की तासाभरात फिका पडतो.

सात काड्या दिसल्या म्हणून लगेच खूश होऊ नका, कारण हायपोस्टोमस या आणखी एका सकरच्याही साधारण तेवढ्याच असतात आणि तोही मोठा होतो. तिथं नाक बघायचं. हायपोस्टोमसचं अंगावरच्या टणक पट्ट्यांचं चिलखत थेट नाकाच्या कडेपर्यंत येतं. अँसिस्ट्रस म्हणजे ब्रिसलनोज, त्याच्या नाकाची कड मऊ, मांसल असते. आमच्या धाकट्याला जानेवारीत तिथंच मिशांसारखे कोंब फुटले. नर आहे. मादीला ते अगदी बारीक, फक्त कडेला येतात.

मोठ्या दोघांतला फरक लेकीनं दाखवला. दोघे काचेला चिकटले होते. ती म्हणाली, ‘बाबा, ह्याच्या पोटावर सुटे ठिपके आहेत आणि त्याच्या पोटावर गांडुळं.’ टेरिगोप्लिक्थिसच्याच या दोन जाती: सुटे ठिपके ही पार्डालिसची खूण, एकमेकांत मिसळून झालेल्या वळवळत्या रेघा ही डिसजंक्टिव्हसची. दोन्ही अ‍ॅमेझॉन खोऱ्यातले. पण त्यांचा आपसात संकर होतो आणि मधल्याच नक्षीचे मासेही सापडतात, त्यामुळे पोट बघून छातीठोक नाव सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. टँक केवढा लागेल हे ठरवायला काड्या पुरतात.

वापराचं म्हणाल, तर काच साफ राहिली ती पहिले पाच-सहा महिने. मोठे झाल्यावर त्यांनी शेवाळ सोडलं आणि इतर माशांच्या दाण्यांवर ताव मारायला लागले. घाण इतकी की फिल्टरचा स्पंज दर चार दिवसांनी धुवावा लागायचा. धाकटा अजूनही रोज काच आणि लाकूड खरवडतो. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून आणलेली काकडी आणि दुधी रात्री एक फोड टाकली की भागतं.

पकडताना जाळी वापरू नका. मार्चमध्ये एकाच्या छातीच्या पराचा काटा जाळीत असा अडकला की शेवटी कात्रीनं जाळी कापावी लागली. तेव्हापासून प्लास्टिकचा डबा.

रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडून द्या असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. कृपा करून असं करू नका. कोलकात्याजवळच्या पाणथळीत आणि केरळातही हे मासे पसरलेत. काठात बिळं खणतात, पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर वर येऊन हवा गिळतात, सहज मरत नाहीत. माझे दोघे मेमध्ये इचलकरंजीच्या एका मित्राच्या सहा फुटी टँकमध्ये गेले. मी महिन्यातून एकदा बघून येतो, छान आहेत.

आता तीन फुटीत धाकट्याला जोडीदारीण आणलीय. दुकानात वीस मिनिटं थांबलो, पर उभा राहिला, सात मोजल्या, नाकाची कड बघितली आणि मगच पैसे दिले. गेल्या आठवड्यापासून नर नारळाच्या करवंटीत ठाण मांडून बसलाय, बाहेर फक्त शेपूट हलताना दिसते.