मॉर्निंग्टन की बेलरिन? मेलबर्नजवळचे दोन वाइन-किनारे

मेलबर्नला आलेल्या पाहुण्यांना समुद्राकाठच्या वायनरी दाखवायच्या ठरल्या, की प्रश्न बहुधा मॉर्निंग्टन आणि बेलरिन या दोन द्वीपकल्पांवर येऊन थांबतो. पोर्ट फिलिप उपसागराच्या तोंडाशी ती समोरासमोर आहेत, आणि सोरेंटो ते क्वीन्सक्लिफ ही फेरीबोट सुमारे ४० मिनिटांत एका तीरावरून दुसऱ्या तीरावर नेते. मी दोन्हीकडे पाहुण्यांना घेऊन अनेकदा गेलो आहे.

केवळ वाइनवर निर्णय करायचा असेल, तर मॉर्निंग्टनचे पारडे जड आहे, हे आधीच मान्य करतो. एका अंगाला पोर्ट फिलिप, दुसऱ्या अंगाला वेस्टर्न पोर्ट आणि दक्षिणेला बास सामुद्रधुनी असल्यामुळे तिथे उन्हाळ्यातही हवा फार तापत नाही. द्राक्षे सावकाश पिकतात आणि त्यांतला आंबटपणा टिकून राहतो. उंचावरच्या रेड हिल व मेन रिज भागातली पिनो न्वार ही लाल वाइन आणि खालच्या मूरूडकमधली पिनो न्वार लागोपाठ चाखली, तर वरची नाजूक आणि खालची भरदार, हा फरक नवख्याच्याही जिभेला कळावा. नाशिकच्या उन्हात पिकलेल्या वाइनची सवय असलेल्या माझ्या वडिलांनाही तो पहिल्याच घोटात जाणवला.

तरीही माझे मन तिथून फिरले, ते घड्याळामुळे. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आई-बाबांसाठी मी तीन ठिकाणी टेस्टिंगच्या वेळा राखून ठेवल्या होत्या. रेड हिलकडे चढणाऱ्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागली, पहिल्या ठिकाणी पोहोचायला २० मिनिटे उशीर झाला, आणि आमच्या मागची मंडळी ठरल्या वेळी येणार असल्याने उरलेल्या वेळात पाच वाइन आटोपाव्या लागल्या. बाबा एका पेल्याविषयी काही विचारू पाहत होते, तोवर पुढचा पेला समोर आला. तो उशीर पुढच्या दोन्ही ठिकाणी आमच्याबरोबर आला. आठवड्याच्या मधल्या वारी असे होत नसावे. पण नोकरी करणाऱ्या माणसाला शनिवार-रविवारच मिळतात.

बेलरिन तुलनेने सखल आणि कोरडे आहे. ते जिलाँग शहराभोवतीच्या वाइन-प्रदेशात मोडते. १८७० च्या दशकात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीमुळे जिलाँग परिसरातले द्राक्षमळे उपटून टाकावे लागले आणि नव्या लागवडी जवळजवळ शतकभराने आल्या. आजही बेलरिनवर वायनरी मोजक्याच आहेत, आणि कदाचित म्हणूनच मला तिथे कधी घाई जाणवली नाही. पिनो न्वार व शार्दोने ही पांढरी वाइन इथेही आहेत. शिवाय इथली शिराझ ही लाल वाइन मिरीच्या वासाची आणि हलक्या अंगाची असते, ती मला फार आवडते. आई वाइन घेत नाही. पण उपसागराकडे उतरत जाणाऱ्या मळ्याकडे पाहत ती दीड तास निवांत बसली, आणि बाबांचे सगळे प्रश्न विचारून झाले. मासे खाणाऱ्यांनी पोर्टार्लिंग्टनच्या शिंपल्या चुकवू नयेत.

परतताना वेस्ट गेट पुलावर गाड्या तुंबतात, हा बेलरिनचा खरा तोटा आहे. मेलबर्नच्या डॉकलँड्सहून पोर्टार्लिंग्टनपर्यंत फेरीबोट आहे. मात्र तिथून मळ्यांपर्यंत वाहन लागतेच, तेव्हा गाडी चालवणारा आधीच ठरवावा. पिनो न्वारचा ध्यास असलेल्यांनी रजा काढून एखाद्या मंगळवारी मॉर्निंग्टनला जावे. घरच्या वडीलधाऱ्यांना शनिवारी न्यायचे असेल, तर मी गाडी जिलाँगच्या दिशेने वळवीन.