मॅचला दहा माणसं येणार: ६५ इंची टीव्ही घ्यावा की प्रोजेक्टर?

आधी टेप घ्या आणि टीव्हीच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. मुंबई-पुण्याकडच्या टू बीएचकेत साधारण १० बाय १६ फुटांचा हॉल मिळतो. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला बाल्कनी असली की टीव्ही लांब भिंतीवरच जातो आणि हाताशी उरतात १० फूट. सोफा समोरच्या भिंतीला लावला तर बसणाऱ्याचे डोळे पडद्यापासून ८ फुटांवर येतात.

६५ इंची टीव्ही सुमारे पावणेपाच फूट रुंद असतो आणि ८ फुटांवरून छान बसतो. १०० इंची प्रोजेक्टरचं चित्र मात्र सव्वासात फूट रुंद. सोफ्यावरून ते भव्य वाटतं, पण पुढे गादीवर, आणखी जवळ बसलेल्यांना बोलरकडून बॅट्समनकडे बघायला मान फिरवावी लागते.

प्रोजेक्टरची खरी अडचण पंखा आहे. नेहमीच्या घरगुती प्रोजेक्टरला चित्राच्या रुंदीच्या साधारण १.२ पट अंतर लागतं, म्हणजे १०० इंचांसाठी पावणेनऊ फूट. तो मागच्या भिंतीजवळ छताला टांगला की प्रकाशाचा झोत मधल्या पंख्यातून जातो आणि पडद्यावर पात्यांची सावली फडफडत राहते. एप्रिल-मेमध्ये दहा माणसांत पंखा बंद ठेवणं शक्य नाही. प्रोजेक्टर ७ फूट उंचीवरच्या फळीवर ठेवला तर पंखा वाचतो, पण पाणी आणायला उठणारा प्रत्येक जण चित्रात येतो. अगदी भिंतीलगत ठेवायचे प्रोजेक्टरही मिळतात. त्यांचा प्रकाश खालून तिरका जातो, त्यामुळे प्लास्टरचा थोडासा फुगवटाही चित्रात लाटेसारखा दिसतो. मग ताठ पडद्याचा खर्च वेगळा.

उजेडाचा प्रश्न तितकाच मोठा. आयपीएलचा दुपारचा सामना साडेतीनला सुरू होतो, तेव्हा पश्चिमेची बाल्कनी असेल तर हॉल लख्ख असतो. प्रोजेक्टरला काळा रंग दाखवता येत नाही. भिंत जितकी उजळ, तितकाच त्याचा काळा उजळ. जाड पडदे लावल्याशिवाय दुपारी हिरवं मैदान फिकट पोपटी दिसतं. मेलबर्नची कसोटी आपल्याकडे पहाटे ५ ला सुरू होते. पहिला तास झकास जातो, पुढे उजाडलं की चित्र विरायला लागतं.

एका बाबतीत प्रोजेक्टर नक्की सरस: साध्या पांढऱ्या पडद्यावरचं चित्र बाजूनेही तसंच दिसतं. टीव्हीच्या पडद्याचे व्हीए आणि आयपीएस असे प्रकार असतात. टीव्ही व्हीए पॅनेलचा असेल तर कडेला बसणाऱ्याला रंग उडालेले दिसतात. पाहुणे पसरून बसणार असतील तर आयपीएस पॅनेल घ्या. दुकानात टीव्हीच्या बाजूला जाऊन, तिरकं उभं राहून बघा.

आता बैठक. तीन जणांचा सोफा मागे आणि त्याच्यापुढे ३ बाय ६ च्या दोन गाद्या, ४ इंच जाड, लोडांसह. एका गादीवर तिघे बसतात. त्या शेजारी शेजारी लांब अंथरू नका, कडेचे फार तिरके होतात. सहा फुटांच्या रुंदीत एकामागे एक घाला, मागची सोफ्याला भिडवून. मागच्यांनी पुढच्या दोन डोक्यांच्या मधल्या जागेत बसायचं. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना सोफा. खुर्च्या पुढे कधीच नकोत, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा.

टीव्हीची उंची इथे ठरते. सोफ्यावरच्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे ४२ इंचांवर, गादीवरच्याचा माथा सुमारे ३८ इंचांवर. म्हणून टीव्हीची खालची कड ३६ इंचांच्या आसपास हवी. बुटक्या युनिटवर ठेवला तर पुढच्यांच्या डोक्यांमागे नेमकी धावफलकाची पट्टी जाते. भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची असेल तर स्क्रूचा साधा प्लग ढिला होतो. त्या ब्लॉकसाठी मिळणारे लांब नायलॉन अँकर आणायला सांगा.

आवाजासाठी साउंडबार दोघांनाही लागतो, प्रोजेक्टरला तर हमखास. तो ब्लूटूथवर जोडू नका, बॅट लागल्यावर क्षणभराने ठोका ऐकू येतो. ‘एआरसी’ लिहिलेल्या, म्हणजे साउंडबारकडे आवाज पाठवणाऱ्या एचडीएमआय पोर्टात वायर लावा. आणि शक्य असेल तर मॅच सेट-टॉप बॉक्सवर लावा. मोबाइल अ‍ॅपवरचं प्रक्षेपण बरेच सेकंद मागे असतं, शेजारी ओरडले की विकेट आधीच कळते.

वीज जाणाऱ्या गावात दिव्याचा प्रोजेक्टर टाळाच. इन्व्हर्टर चालू होताना तो बंद पडला, तर दिवा थंड होईपर्यंत पुन्हा लागत नाही, आणि तेवढ्यात एखादी ओव्हर सहज निघून जाते. टीव्ही मिनिटाभरात परत येतो. पडद्यापासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर १५ फुटांच्या पुढे असेल, पंखा झोताच्या वाटेत नसेल आणि बहुतेक सामने रात्रीचेच बघायचे असतील, तर प्रोजेक्टर जरूर घ्या.