विद्यापीठाचं ग्रंथालय की कॉलेजचं? काम शिकायला आधी कुठं बसावं

बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालंय किंवा होत आलंय, आता चार-सहा महिने कुठंतरी बसून ग्रंथपालाचा दिवस खरंच कसा जातो ते बघायचंय, असं म्हणणारी दोन-तीन मुलं दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतात. बहुतेक आपल्या बडोद्यातल्याच दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची. घरी मराठी, काउंटरवर गुजराती. प्रश्न एकच असतो: विद्यापीठाच्या मोठ्या ग्रंथालयात जाऊ की एखाद्या कॉलेजच्या?

मी दोन्हीकडे बसलोय. आधी दुसऱ्या गावातल्या एका विद्यापीठात आठ महिने, मग इथं बडोद्यात एका कॉलेजात. पुढच्या पगाराचा हिशोब यात धरू नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, वेतनश्रेणीत विद्यापीठाचा सहायक ग्रंथपाल आणि कॉलेजचा ग्रंथपाल दोघंही लेव्हल १० वरच लागतात.

मोठ्या ग्रंथालयाची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. पीएच.डी.च्या प्रबंधांचं काम कॉलेजात बसून शिकताच येत नाही. २००९ च्या यूजीसी नियमांपासून प्रबंधाची ई-प्रत द्यावी लागते आणि ती शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहावर, जाते. २०१८ च्या नियमांनी साम्यतपासणीचे, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का ते बघण्याचे, टप्पे ठरवून दिले: १० टक्क्यांपर्यंत काही नाही, त्यापुढे ४० पर्यंत सुधारून पुन्हा सादर करायचं. वाचायला सोपं आहे. पण अहवालात १४ टक्के आलेला संशोधक रडवेला होऊन समोर बसतो, तेव्हा त्यातलं अवतरण किती, संदर्भसूची किती आणि खरी उचल किती, हे त्याच्याबरोबर ओळ न् ओळ बघावं लागतं. ते बघायला मी तिथं शिकलो. नोंदीत पुस्तकाला विषयशीर्षक कसं द्यायचं हेही तिथल्याच एका ज्येष्ठ बाईंनी शिकवलं, शेजारी बसवून, न कंटाळता. त्यांचे उपकार मोठे आहेत.

तरीही एक गोष्ट मला सलत राहिली, आणि माझ्यापुरता निकाल तिनंच लावला. मोठ्या ग्रंथालयात आलेला प्रश्न पुढं पाठवायचा असतो. मी देवघेवीच्या खिडकीवर होतो. कुणी काही अवघड विचारलं की म्हणायचं, संदर्भ विभागात जा. तिथून त्याला नियतकालिकांकडे पाठवत, तिथून आणखी कुठं. एकदा एक वयस्कर प्राध्यापक जुन्या जनगणनेचा एक खंड शोधत आले होते. मी त्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं. तासाभरानं ते जिना उतरून माझ्यासमोरूनच बाहेर गेले. हातात पिशवी होती. तिच्यात टिपणं होती की नुसता डबा, मला कळलं नाही. उठून विचारावं तर रांग उभी. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचे ग्रंथालयाचे पाच नियम १९३१ चे, आपण सगळ्यांनी पाठ केलेले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, हा मी पाळला की मोडला, हे आठ महिन्यांत एकदाही समजलं नाही. दोष कुणा माणसाचा नव्हता, कामाची वाटणीच तशी होती. पण शिकणाऱ्याला आपलं उत्तर बरोबर आलं की चुकलं हेच कळलं नाही, तर तो शिकणार कसा?

कॉलेजात पार्सल सोडण्यापासून सगळं माझ्याच हातून होई. बिलाशी पुस्तकं ताडून बघायची, रजिस्टरला दाखल करायची, बिलाच्या मागं दाखल क्रमांक लिहायचे, शीर्षकपानावर शिक्का, आणि दुसरा शिक्का गुप्त पानावर. आमचं गुप्त पान ३७ वं होतं. पुस्तकाचं पहिलं पान फाटलेलं असलं तरी ३७ उघडलं की पुस्तक आपलं की नाही ते कळे. सोमवारी शिक्का मारलेलं पुस्तक गुरुवारी कुणाच्या हातात जातंय, हे मी स्वतः बघत असे.

तिथंच टी.वाय.ची एक मुलगी आली. बडोदा संस्थानाच्या १९०४ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यावर तिला प्रकल्प करायचा होता. आमच्याकडे काहीच नव्हतं. चिठ्ठी देऊन तिला सेंट्रल लायब्ररीत धाडलं. चौथ्या दिवशी ती वही घेऊन परत आली आणि म्हणाली, "सर, विवाह या विषयाखाली काही मिळालं नाही. संस्थानाच्या वार्षिक प्रशासन अहवालांत मिळालं." ते मी माझ्या वहीत उतरवून घेतलं. पुढच्या वर्षी तसाच प्रश्न आला तेव्हा पाच मिनिटांत उत्तर दिलं.

त्रास आहेत, लपवत नाही. माणूस एकच, म्हणून तुम्ही रजेवर गेलात की ग्रंथालयाला कुलूप. मार्चमध्ये नो ड्यूजच्या, म्हणजे पुस्तक-दंड काही बाकी नसल्याच्या, सह्या घ्यायला मुलं जिन्यापर्यंत उभी असतात. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार म्हटलं की दोन महिने फायलींतच जातात, आणि वाळवी लागली तर तीही तुम्हीच शोधायची. सुरुवातीला मला वाटे, तांत्रिक काम हातचं सुटणार. थोडं सुटलंही.

पण बडोद्यात कॉलेजात बसणारा एकटा पडत नाही. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावलं, इथं ग्रंथपालांचे वर्ग काढले, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. १९१२ पासून इथून निघणाऱ्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीच्या जोडीला मराठीही असे. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लोखंडी मांडण्यांमधली ती काचेची जमीन आजही बघता येते. उजेड खालच्या मजल्यापर्यंत उतरावा म्हणून केलेली. विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालयही गावातच आहे. कॉलेजात नसेल ते विचारायला जायच्या जागा रिक्षानं पाच-दहा मिनिटांवर आहेत.

तुम्हाला तालिकीकरणातच, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्यातच, रस असेल किंवा पुढं संशोधकांबरोबरच काम करायचं असेल, तर विद्यापीठच बरं, यात मला शंका नाही. ज्याला अजून काही ठरवता आलेलं नाही, त्याला मात्र मी आधी कॉलेजात बस म्हणतो, जमलं तर जानेवारी ते जून, म्हणजे नो ड्यूज आणि ग्रंथपडताळणी (रजिस्टरप्रमाणे पुस्तकं जागेवर आहेत का ते बघणं) दोन्ही सापडतात. विद्यापीठात जाणारच असाल तर पहिल्या भेटीत एवढं विचारा: आठवड्यातून एका तरी वाचकाबरोबर मला शेवटच्या मांडणीपर्यंत जाऊ द्याल का? हो म्हणाले, तर माझ्या म्हणण्यातलं निम्मं वजन गेलं. खुशाल तिथं बसा.