पत्र्याचा कूलर: उन्हाळ्यात सोनं, पावसाळ्यात अडगळ

राजारामपुरीत माझी शिलाईची खोली आहे, वर पत्रा. एप्रिलच्या दुपारी मशिनी, इस्त्री आणि तापलेलं छत, मुलींच्या घामानं ब्लाउजपीसवर डाग पडायचे. म्हणून लक्ष्मीपुरीतनं गवताच्या जाळ्यांचा पत्र्याचा कूलर आणला. पैसे वसूल झाले. घ्यायचा असेल तर बिनधास्त घ्या, फक्त तो गार कसा करतो ते आधी समजून घ्या.

यात एसीसारखं काही नाही. पंखा, छोटी मोटर आणि ओलं गवत. गवतातनं जाणाऱ्या हवेतली उष्णता घेऊन पाण्याची वाफ होते. एक लिटर पाणी उडताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता ओढतं. तेवढी उष्णता हीटरनं द्यायची तर जवळजवळ दोन तृतीयांश युनिट वीज लागेल. खोलीत ३७ अंश असताना थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरलं, पारा २४ वर थांबला. साधा कूलर त्याच्या खाली हवा नेऊच शकत नाही. आमचा २७ पर्यंत आणतो, मला तेवढं बास आहे.

खिडकी मात्र उघडी पाहिजे. कोंडलेल्या हवेत दमटपणा साठला की पाणी उडायचं मंदावतं, नुसता चिकट वारा येतो. बोअरचं पाणी घालत असाल तर गवत बघत जा. आमच्या डाव्या जाळीवर क्षारांचा पांढरा पट्टा धरला होता. पाणी त्याला वळसा घालून उतरायचं, आणि हात लावला तर तेवढ्या पट्ट्यातनं गरम वारा लागायचा.

वळीव येण्याआधी जो गार झोत येतो, तोही बराचसा असाच: ढगातनं पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत उडतात आणि ती हवा गार होऊन खाली कोसळते. वर ढगात उलटा व्यवहार चालतो. वाफेचं पाणी होताना घेतलेली उष्णता परत मिळते, हवा तापते, ढग आणखी वर चढतो. इस्त्रीची वाफ हातावर आली की एवढं भाजतं तेही यामुळेच, कातडीवर ती वाफ पाणी होते आणि सगळी उष्णता तिथंच सोडते.

जूनमध्ये आपल्याकडची हवा पाण्यानं भरलेली असते, तेव्हा कूलरला नावं ठेवू नका. मी तेव्हा गवत काढून टाकते आणि टाकी कोरडी पुसून ठेवते, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.