निसर्गावरचं पियानो संगीत: आठ महिने ऐकल्यानंतरचा अनुभव (सोलापूरच्या उन्हाळ्यासकट)

मार्चपासून रोज रात्री ऐकतोय, आठ महिने झाले की, म्हणून आता लिहितो. आमचा यंत्रमागाचा कारखाना, दिवसभर कानात खटक खटक, घरी आलं की डोक्याला जरा शांत पाहिजे असतं. तर भाच्यानं मोबाईलवर एक तीन तासांची 'निसर्ग पियानो' वाली प्लेलिस्ट लावून दिली. मागं पावसाचं रेकॉर्डिंग, मधेच पक्षी, आणि वर पियानोचे तेच तेच चार सूर. पहिला आठवडा झक्कास झोप लागली, खोटं कशाला बोलू. पण नंतर ध्यानात आलं की तो पक्षी थोड्या थोड्या वेळानं तसाच्या तसाच ओरडतोय, आणि हे एकदा कळलं ना मग संपलंच, झोपायचं सोडून आता ओरडेल मग ओरडेल म्हणून वाट बघत पडून राहायचो.

मग युरोपातल्या जुन्या संगीतकारांकडं वळलो. तिथं रेकॉर्डिंग बिकॉर्डिंग काही नाही, पाणी पियानोतूनच काढलंय. राव्हेलचा १९०१ चा पाण्याच्या खेळावरचा तुकडा घ्या, उजव्या टोकाच्या बारीक पट्ट्यांवर बोटं भराभर पळतात आणि पायातलं पेडल दाबलेलं असल्यामुळं सूर तुटत नाहीत, एकमेकांत सांडत जातात. मे महिन्यात ४३ डिग्रीत गच्चीवर पडून हे ऐकलंय मी, कूलरपेक्षा बरं वाटलं.

शोपँचा पावसाच्या थेंबाचा प्रेल्यूड, म्हणजे छोटा तुकडा, सगळ्यात जास्त वाजला आमच्याकडं. (नाव त्यानं दिलेलं नाही, लोकांनी पाडलंय.) १८३८-३९ च्या हिवाळ्यात तो मायोर्का बेटावर होता, तेव्हाचं हे. त्यात एकच सूर टप टप टप चालू राहतो, पेटीवाल्यांच्या भाषेत काळी चार, आणि मधल्या भागात पट्टी तीच पण खालचे सूर असे जड होतात की छातीवर ढग बसल्यासारखं वाटतं. आईला म्हणलं हा पाऊस आहे, तर म्हणाली, "पाऊस कुठला रे, नळ गळतोय, उठ बंद कर, पाणी आता चार दिवसांनी येणाराय." आता तीच म्हणते, तो नळ लाव की.

चायकोव्हस्कीचे बारा महिन्यांचे बारा तुकडे आहेत, १८७६ साली पीटर्सबर्गच्या एका मासिकात दर महिन्याला एक छापून यायचा. आयडिया भारी वाटली, म्हणून मीपण ज्या त्या महिन्यात तो तो ऐकायचं ठरवलं, आणि तिथंच फसलो. त्याच्या एप्रिलमध्ये बर्फातून फूल वर येतंय, आमच्या एप्रिलमध्ये डांबर चपलेला चिकटतंय! जूनचा नावेतल्या गाण्याचा तुकडा मात्र सुंदर, तो कधीही चालतो.

मेसियां हा फ्रेंच संगीतकार अजून पचला नाही, सरळ सांगतो. यानं रानावनात फिरून पक्ष्यांचे आवाज नोटेशनमध्ये उतरवले आणि १९५६ ते ५८ मध्ये तेरा तुकड्यांचा अख्खा संग्रह केला. गोड बिड काही नाही, आवाज टोचतात, मधेच गप्प होतो. पहिल्यांदा वाटलं मांजर चाललं पट्ट्यांवरनं. पण ऑगस्टमध्ये सोलापूरजवळच्या नान्नजला माळरानावर गेलो होतो, माळढोक पक्षी काय दिसला नाही, चंडोल मात्र वर चढून चढून ओरडत होता, आणि त्यात कुठं गोड चाल असते हो? तसंच तुटक, तसंच घाईचं. घरी येऊन बघितलं तर संग्रहात चंडोलाच्या जातीचेच दोन तुकडे निघाले.

तक्रार एकच, आणि ती संगीताची नाही. यातले बारीक सूर फुल स्पीडच्या पंख्याखाली गायब होतात, आवाज वाढवला की पुढच्या जोरकस भागात घर जागं होतं. स्वस्त ब्लूटूथ स्पीकरवर तर डाव्या हाताचं काहीच येत नाही. मी शेवटी साधे वायरवाले इयरफोन घेतले. मेसियांचा बोरूतल्या पक्ष्याचा अर्ध्या तासाचा तुकडा आहे, त्यात दहाव्या मिनिटापर्यंत पोचलोय, रविवारी कारखाना बंद असतो तेव्हा पुढचं बघतो.